घरभेटी चालू ठेवाव्यात की थेट खात्यात पैसे पाठवावेत? (चर्चचं मदतकार्य)

बावखल

नमस्कार मंडळी. मी वसईतल्या एका धर्मग्रामातला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळीतला. आमच्या चर्चमध्ये संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम चालतं, गावात सगळे तिला नुसतं 'कॉन्फरन्स' म्हणतात. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर बैठक भरते. आधी प्रार्थना, मग कोणत्या घरी काय चाललंय त्याची माहिती, शेवटी एक कापडी पिशवी फिरते. ज्याला जे जमेल ते त्याने मूठ झाकून टाकायचं. कुणी किती टाकलं ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. त्यातून आणि चर्चच्या दारातल्या गरिबांच्या पेटीतून काही कुटुंबांना महिन्याचं रेशन, औषधं, पोरांची फी भागते. ही सगळी कुटुंबं ख्रिस्ती नाहीत. पूर्वेकडच्या चाळींतले भाडेकरू आहेत, पाड्यावरची वारली घरं आहेत, मुस्लिम घरंही आहेत.

या सोसायटीची सुरुवात १८३३ ची, पॅरिसची. फ्रेडरिक ओझानाम हा तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी. एका चर्चासत्रात कुणीतरी त्याला सुनावलं की तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज काय करता ते दाखवा. भाषणाला भाषणाने उत्तर देण्याऐवजी तो आणि त्याचे मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. सिस्टर रोझाली रेंदू त्या वस्तीत आधीपासून राबत होत्या, त्यांनी या पोरांना घरं दाखवली आणि वागायचं कसं तेही शिकवलं. तेव्हापासून नियम एकच: दोघादोघांनी जायचं, घरी जायचं.

आता मुद्दा. मागच्या बैठकीत एका सभासदाने सुचवलं की घरभेटी बंद करू आणि दर महिन्याला सगळ्यांच्या खात्यात पैसे टाकू. कारणं खोटी नाहीत. आमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे. तरुण सकाळची लोकल पकडतात ते रात्रीच परततात. चाळीत दुसरा-तिसरा मजला चढणं सगळ्यांना झेपत नाही.

माझ्या मते घरभेट गेली तर कॉन्फरन्सचा प्राणच गेला. पण पुढच्या बैठकीत नुसतं मत सांगून भागणार नाही. तुमच्या चर्चमध्ये, मंडळीत, देवळात, गल्लीतल्या मंडळात हे कसं चालतं? अनुभव लिहा.

चिंचोटीकर

थेट पैसे. आपली गरज काय आहे हे गरजूला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही तूरडाळ नेऊन देणार आणि त्या बाईला हवी असणार पोराची चप्पल.

नगरची_लेक

वाचायला घेतलं आणि आमच्या मंडळीची आठवण आली. आम्ही प्रोटेस्टंट, माहेर नगरचं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, त्यामुळे आमच्याकडे मंडळ्या जुन्या आणि सवयीही जुन्या. मदतीचा पैसा बराचसा हंगामाच्या सणातून येतो. लोक शेतातलं पहिलं धान्य, भोपळे, कोंबड्या, अंडी, घरचं लोणचं घेऊन येतात आणि उपासना झाली की आवारातच लिलाव. एकच भोपळा पाचजण विकत घेतात, कारण जो घेतो तो परत लिलावाला ठेवतो! एका वर्षी माझ्या आजीचा नारळ इतक्या वेळा फिरला की शेवटी पाळकसाहेबांनीच तो फोडून सगळ्यांना वाटला.

आजारी माणसांच्या भेटीचं काम महिला मंडळाकडे असतं. चार बायका, एक गीतांचं पुस्तक, एक डबा. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर सुनेला तासभर बाहेर पाठवायचं, बाजार करून ये म्हणायचं, आणि तोवर आपण बसायचं. या तासाला कुणी मदत म्हणत नाही. पण त्या सुनेला विचारा.

बावखल

@नगरची_लेक, सुनेला बाहेर पाठवायची कल्पना उचलतोय. आमच्याकडे पहिल्या शुक्रवारी आजारी लोकांना घरी ख्रिस्तशरीर (कम्युनियन) देतात, त्या फेरीत हे सहज बसेल.

@चिंचोटीकर, चपलेचा मुद्दा पटला. पण चप्पल हवी आहे हे तरी घरी गेल्याशिवाय कसं कळणार?

शंकासूर

राग येणार नसेल तर एक सरळ विचारतो. ख्रिस्ती संस्था मदत घेऊन घरात शिरते तेव्हा पुढे धर्माचं बोलणं येतं, अशी शंका पुष्कळांच्या मनात असते. माझ्याही आहे. तुम्ही घरी जाऊन प्रार्थना करता का? पत्रकं देता का?

बावखल

राग कशाला, विचारलंत ते बरं केलंत. सोसायटीच्या नियमातच आहे की मदत करताना धर्म, जात, राजकीय मत काहीही बघायचं नाही. आमच्या कॉन्फरन्सने त्यापुढे स्वतःचा एक नियम केलाय: ख्रिस्ती घर असेल आणि त्यांनी म्हटलं तरच प्रार्थना. इतर घरी प्रार्थना नाही, पत्रक नाही, चर्चला या असंही म्हणायचं नाही. पाड्यावर गौरी-गणपतीत गेलो तर प्रसाद घेतो आणि येतो. माझ्या जोडीला असणारे काका तर आरती संपेपर्यंत दारात उभे असतात, मध्येच आत जात नाहीत.

शिवाय आम्ही काय करतो ते समोर दिसतंच. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यात हिंदू शेजारी आमच्या यादीतली नावं सुचवतात. शंका असेल तर एखाद्या भेटीला सोबत या. खरंच या.

शंकासूर

बरं. उत्तर पटलं. सगळीकडे असंच असतं असं मात्र मी मानणार नाही.

दुष्काळी

शंकासूर यांच्या प्रश्नावर मला लिहायचंय. मी १९७२ चा दुष्काळ बघितलाय, तेव्हा मी शाळकरी होतो. आमचा जिल्हाही नगरच. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आईबाप खडी फोडायच्या कामावर. त्या काळात मिलो ज्वारी, सुकडी, दुधाची पावडर यांवर गावंच्या गावं जगली. त्यातलं पुष्कळसं सरकारी होतं, काही चर्चच्या संस्थांकडून यायचं. आमच्या वस्तीवर मिशनच्या माणसांनी कामाच्या बदल्यात धान्य दिलं, बांध घालून घेतले. आम्ही वारकरी घर, आजही वारकरीच आहोत. कुणी काही म्हटलं नाही.

नगर जिल्ह्यातच पुढे फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचं काम उभं केलं. मूळचे स्वित्झर्लंडचे, जेझुइट संघाचे धर्मगुरू. दुष्काळात धान्य वाटून वाटून त्यांच्या लक्षात आलं की पावसाचं पाणी डोंगरावरच अडवलं तर पुढच्या वेळी वाटायला लागणार नाही. १९९३ मध्ये त्यांनी त्यासाठी वेगळी संस्था काढली. गावकऱ्यांचं श्रमदान असेल तरच काम, हा त्यांचा आग्रह. म्हणून बावखल यांना सांगतो, पैसे की घरभेट या भांडणात तिसरी गोष्ट विसरू नका. ज्याला मदत करता त्याच्याकडून काही घेता येतं का तेही बघा. घेणाऱ्याला देण्याची संधी मिळाली की त्याची मान ताठ होते.

पोळपाट

मी या धाग्यावर लिहू की नको, असा विचार करत होते.

आम्ही घेणाऱ्या घरातले. वडील गेले तेव्हा मी सहावीत होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधून दोन माणसं यायची. चांगली माणसं होती, एक शब्द कधी वावगा बोलली नाहीत. पण त्यांच्या हातात तांदळाची पिवळी पिशवी असायची आणि त्यावर संस्थेचं नाव छापलेलं. आमच्या चाळीत कॉमन गॅलरी. ती माणसं जिना चढायला लागली की आई दार लावून घ्यायची आणि ती आमच्या दारापर्यंत आली की उघडायची. तेवढ्यात अख्ख्या मजल्याला कळलेलं असायचं. शेजारची मुलगी माझ्याच वर्गात. आई त्यांना चहा विचारायची आणि ते नको म्हणायचे, त्यांना वाटायचं गरिबाच्या घरचा चहा कशाला. आईला ते सगळ्यात जास्त लागायचं.

तर बावखल, तुमचा हेतू मला कळतो. पण खात्यात पैसे आले असते तर माझी आई दर महिन्याच्या त्या रविवारी तशी दाराआड उभी राहिली नसती.

चिंचोटीकर

पोळपाट ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

नगरची_लेक

+१. चहा नको म्हणण्याचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

बावखल

ताई, हा प्रतिसाद मी बैठकीत वाचून दाखवला तर चालेल का? नाव-गाव काही न सांगता. उत्तर नाही असेल तर नाही.

पोळपाट

वाचा.

सिस्टर_नाही_नर्स

(नावावरून घोळ नको, मी नन नाही. पालघर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आमच्या चर्चच्या गटातही जाते.)

पोळपाट यांचं सगळं मान्य करून घरभेटीच्या बाजूने लिहिते, कारण काही गोष्टी घरात गेल्याशिवाय दिसतच नाहीत.

नालासोपाऱ्यात एक आजी, एकट्या. रेशनची पिशवी त्यांना दर महिन्याला वेळेवर मिळत होती, यादीवर सही होती. त्या अशक्त होत चालल्यात म्हणून मला घेऊन गेले. मी पाय दाबून सूज बघायला खाली बसले तर खाटेखाली डाळीची पाकिटं एकावर एक रचलेली, फोडलेलीसुद्धा नाहीत. तांदूळ तसाच. सिलिंडर संपला होता आणि भरायला पैसे नव्हते. शेजारचा चहावाला सकाळी चहा द्यायचा, त्यात पाव बुडवून त्या दिवस काढत होत्या. कुणाला सांगितलं नाही, कारण "तुम्ही एवढं देता, वर गॅसचं कसं मागू?"

आणि इन्सुलिन. दुसऱ्या एका घरात इन्सुलिनची बाटली शेगडीच्या वरच्या फळीवर. घरात फ्रिज नाही. साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत होते. बाटली छोट्या डबीत घालून ती डबी ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायला शिकवलं. फ्रिज नसलेल्या घरात हा उपाय चांगला चालतो. यात पैशाचा काही प्रश्नच नव्हता.

मँचेस्टरचा_पाऊस

सिलिंडरचं वाचून राहवलं नाही. मी इंग्लंडमध्ये असतो. घराजवळच्या चर्चमध्ये फूडबँक आहे, तिथे शनिवारी जातो. मी ख्रिस्ती नाही, पुण्याचा देशस्थ, आणि तिथल्या कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

इथली पद्धत अशी: शाळा, डॉक्टर किंवा सल्ला केंद्र गरजू माणसाला व्हाउचर देतं आणि ते दाखवलं की साधारण तीन दिवसांचं अन्न मिळतं. चर्चचे लोक डबे गोळा करतात, तारखा बघून लावतात, पिशव्या भरतात. सुरुवातीलाच मला शिकवलं गेलं की आधी विचारायचं, घरी गॅस चालू आहे का? डबा उघडायला ओपनर आहे का? काहींच्या घरी नुसती किटली असते, त्यांच्यासाठी गरम पाणी ओतून होणाऱ्या वस्तूंची वेगळी पिशवी. गॅस-विजेच्या प्रीपेड मीटरमध्ये पैसे नसले तर पास्ता देऊन काय उपयोग? तुमच्या आजींची डाळ आणि इथला न शिजलेला पास्ता, दोन्ही एकच गोष्ट.

२०२२ च्या हिवाळ्यात विजेचे दर भडकले तेव्हा कितीतरी चर्चेसनी हॉल उबदार ठेवून दिवसभर उघडे केले. या, बसा, चहा घ्या, पेपर वाचा. कुणी का आलात विचारत नाही. थंडीमुळे आलेला आणि गप्पांसाठी आलेला एकाच टेबलावर. पोळपाट यांना जो त्रास झाला तो इथे कमी होतो, कारण कोण घेणारा आणि कोण देणारा हे बघून कळत नाही.

वाडवळी_मसाला

घरी जायला वेळ नाही म्हणतात ते वसईकर लग्नाची पत्रिका वाटायला बरे तीनशे घरं फिरतात :) शेंगदाण्याएवढं नातं असलं तरी जातीने जातात, चहा घेतात, फुगे (तळलेले पिठाचे गोळे) खातात.

बावखल

वाडवळी, हे मी बैठकीत नक्की वापरणार! लग्नसराई संपली की पायांना सवय असतेच.

मिठागर

घरभेटीचा आणखी एक उपयोग सांगतो. जुलै २०१८ आठवा. वसईत पाणी भरलं, लोकल बंद, वीज नाही, मिठागराच्या वस्तीतली माणसं अडकली होती. तेव्हा चर्चच्या आवारात खिचडीची पातेली चढली आणि सगळे धावले, ते खरंच. पण खिचडी शिजवणं सोपं, न्यायची कुणाकडे हा प्रश्न. आमच्या भागात जे लोक आधीपासून घरोघरी जायचे त्यांना पाठ होतं की कोणत्या खोलीत बाळंतीण आहे, कुठला म्हातारा जिना उतरू शकत नाही, कुणाला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांनी कागदावर यादी केली आणि पोरं टायरच्या ट्यूबवर बसून निघाली. यादी नसती तर खिचडी रस्त्याच्या कडेच्या घरांतच संपली असती.

हिरवी_वसई

अवांतर होतंय पण राहवत नाही. पाणी का भरलं? बावखलं (वसईतली जुनी तळी) बुजवली, नाले अडवले, पाणथळ जागांवर इमारती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीची माणसं आयुष्यभर हेच ओरडून सांगत होती. चर्चने शेजाऱ्याची सेवा करायची तर गाळ काढायला, बावखल वाचवायलाही उतरलं पाहिजे. पूर आल्यावरची खिचडी ही उशिराची सेवा.

मिठागर

अवांतर नाही, हे मूळच आहे. आमच्याकडे दोन बावखलं तरुणांनी साफ केली, त्यात सगळ्या धर्मांची पोरं होती. पण ज्यांनी बुजवली त्यांच्याविरुद्ध बोलायची वेळ आली तेव्हा उभी राहिलेली माणसं फार कमी होती, हेही लिहून ठेवतो.

दुष्काळी

पाणी अडवा म्हणणारे आमच्याकडे, पाणी जाऊ द्या म्हणणारे तुमच्याकडे. दोन्हीकडे ऐकणारे कमीच.

तहसीलची_पायरी

मूळ प्रश्नाकडे. माझं म्हणणं जरा वेगळं. रेशन आणि पैसे दोन्हीपेक्षा जास्त गरज कागदांची आहे. आमच्या चर्चच्या गटात मी आणि एक निवृत्त तलाठी आहोत, आम्ही फक्त कागद करतो.

काही गोष्टी लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडतील:

संजय गांधी निराधार योजनेत आणि श्रावणबाळमध्ये विधवा आणि वृद्धांना महिना दीड हजार मिळतात. त्यांच्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,०००, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावरच गाडी अडते. दाखला तहसीलमधून काढावा लागतो आणि अशिक्षित विधवा तिथे एकटी गेली की दोन-तीन खेटे ठरलेले. सोबत एक माणूस असला की काम होतं. त्याला शिकलेलं असायची गरज नाही, नुसतं न घाबरता उभं राहता आलं पाहिजे. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे बंद आणि बाईला कारणही कळत नाही.

उत्तर प्रदेश, बिहारच्या भाडेकरूंना कितीदा माहीतच नसतं की त्यांच्या गावच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं. एक देश एक रेशनकार्ड योजना आता सगळ्या राज्यांत आहे. आपण त्यांना विकतचा तांदूळ देत बसतो आणि त्यांच्या हक्काचा तांदूळ दुकानात पडून. वयस्कर लोकांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, भांडी घासून घासून बोटं गुळगुळीत झालेली असतात. तिथेही सोबत कुणी असलं तर दुकानदार नीट वागतो.

दवाखान्याचं सिस्टर_नाही_नर्स यांनी लिहावं.

सिस्टर_नाही_नर्स

लिहिते. धर्मादाय रुग्णालय, म्हणजे जे ट्रस्ट म्हणून नोंदलेलं आहे, त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, सवलतीसाठी ३ लाख ६० हजारांपर्यंत. दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन सांगायचं. बिल हातात आल्यावर सांगितलं की खूप ओढाताण होते. मोठमोठी नावाजलेली हॉस्पिटलं यात येतात हे लोकांना खरं वाटत नाही. खाट नाही म्हणून परत पाठवलं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

टीबीचंही सांगते. पेशंटला पोषणासाठी सरकारकडून महिना पाचशे यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. शिवाय निक्षय मित्र म्हणून कुणीही, चर्चसुद्धा, नाव नोंदवून पेशंटला उपचार चालू असेपर्यंत पोषणाची टोपली देऊ शकतं, पेशंटची संमती असेल तर. मात्र टोपली पोहोचवताना कृपा करून फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. टीबी आहे हे मालकाला कळलं तर खोली जाते.

शंकासूर

फोटोवर माझाही आक्षेप. आमच्या गणेश मंडळातही हेच. एक केळं देताना पाच हात आणि पाचही कॅमेऱ्याकडे बघणारे.

पोळपाट

तहसीलची_पायरी, तुमचा प्रतिसाद माझ्या आईला आवडला असता. तिला तांदूळ देणारे पुष्कळ भेटले, खिडकीपर्यंत सोबत येणारं कुणी नाही.

शेवटची_लोकल

मी पंचविशीतला, अंधेरीला नोकरी, रात्री साडेनऊला घरी. बावखल काका, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये तरुण येत नाहीत असा सूर आहे. मी आमच्या चर्चच्या बैठकीला गेलो होतो. दीड तास जमाखर्च आणि मागच्या सभेचा वृत्तांत. मग मला पिशव्या उचलायला सांगितलं. नंतर गेलो नाही.

पण तहसीलचं वाचून वाटलं की हे मला येतं. ऑनलाइन अर्ज, केवायसी, आधारला मोबाइल जोडणं, हे मी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या करू शकतो. कुणी विचारलंच नाही.

बावखल

आता विचारतोय. खासगी निरोप पाठवतो.

नगरची_लेक

एवढं सगळं वाचून एक भर. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा त्यांना नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. वाचायला शिकवलं, विणकाम, शेती, छापखान्याचं काम दिलं. दुष्काळी म्हणतात ती तिसरी गोष्ट तिथे होती. आमच्या मंडळीत हल्ली जिला आम्ही शिलाई मशीन दिली होती तीच नव्या मुलींना शिकवायला येते, आणि महिला मंडळाच्या फेरीतही असते. ती सोबत आली की समोरचं घर लवकर मोकळं होतं.

चिंचोटीकर

मी अजूनही थेट पैशांच्याच बाजूचा आहे, पण एक दुरुस्ती. पैसे खात्यात टाका, माणसं घरी पाठवा. दोन्ही एकाच वेळी एकाच हाताने कशाला? पिशवी घेऊन गेलं की भेट ही पोचपावती होते.

सिस्टर_नाही_नर्स

हेच म्हणायचं होतं मला, शब्द सापडत नव्हते.

मँचेस्टरचा_पाऊस

पूर्ण सहमत. एक व्यवहाराचं: एकट्याने कधीच जायचं नाही, लहान मुलं एकटी असतील तर दारातूनच परत फिरायचं, आणि कुणी पैसे उसने मागितले तर स्वतःच्या खिशातून द्यायचे नाहीत, बैठकीत सांगायचं. इथे हे पहिल्याच दिवशी लिहून देतात.

बावखल

बैठक झाली. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत.

पोळपाट ताईंचा प्रतिसाद वाचला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाई म्हणाल्या, "चहाला मीपण नाही म्हणत आले." त्यानंतर जे बोलणं झालं ते गेल्या कित्येक बैठकांत झालं नव्हतं.

ठरलं ते असं. ज्यांना चालत असेल त्यांचे पैसे खात्यात जातील. ज्यांना वस्तूच हव्यात त्यांच्यासाठी गावातल्या वाण्याकडे खातं, त्यांनी इतर गिऱ्हाइकांसारखं जाऊन हवं ते घ्यायचं, बिल आम्ही भरणार. छापील पिशव्या बंद. घरभेटी चालू राहणार, पण रिकाम्या हाताने, आधी फोन करून, आणि रविवारी सकाळी नाही. कुणाला भेट नको असेल तर भेट नाही, पैसे तरीही जाणार. चहा दिला तर घ्यायचा. भेटीत काय बघायचं याचा एक कागद नर्सताईंच्या आणि तहसीलवाल्यांच्या प्रतिसादांवरून केलाय: चूल पेटते का, औषधं कुठे ठेवलीत, रेशनचा ठसा लागतो का, दाखल्याची मुदत कधी संपते. हा कागद घरात काढायचा नाही, बाहेर येऊन भरायचा.

ज्यांना जिना झेपत नाही ते सभासद फोन करतील, आठवड्याला एक. शेवटची_लोकल यांच्याकडे अर्ज भरायचं काम दिलंय आणि त्यांना वृत्तांत वाचनापासून सूट आहे.

एका बाबतीत एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं, खात्यात गेलेले पैसे दारूत गेले तर? मी म्हटलं, दोन घरांत तशी भीती आहे, तिथे बाईच्या खात्यात टाकू. पण बाईचं खातं नवराच वापरत असेल तर काय करायचं, हे मला सुचलेलं नाही. कुणाचा अनुभव?

तहसीलची_पायरी

आहे अनुभव. अशा घरांत पैसे टाकूच नका. फी थेट शाळेत, औषधं थेट दुकानात, वाण्याचं खातं बाईच्या नावावर. आणि बाईला बचत गटात बसवा. तिथे दहा बायका असतात, नवरा तिला एकटीला गाठू शकत नाही.

नगरची_लेक

बचत गटाला +१. आणि त्या घरी भेटीला दोन बायकांनीच जावं, नवरा कामावर असताना.

शंकासूर

बावखल, भेटीला सोबत या म्हणाला होतात. पुढच्या महिन्यात वसईला येतोय. कुठे भेटायचं ते कळवा.